पस्तिशीत पुन्हा जादूच्या जगात: नसलेल्या माणसांचा लळा का लागतो?

शाळा-कॉलेजात हॅरी पॉटर वाचलेली पिढी आता पस्तिशी-चाळिशीत आहे. पहिलं पुस्तक 1997 मध्ये आलं, सातवं 2007 मध्ये. त्यानंतर नोकऱ्या लागल्या, घराचे हप्ते सुरू झाले, वाचन असलंच तर कामापुरतं उरलं. मग कधीतरी मुलांसाठी म्हणून तीच पुस्तकं पुन्हा घरात येतात. मूल दोन प्रकरणांत कंटाळून खेळायला पळतं आणि आई किंवा बाबाच रात्री दीडपर्यंत पान उलटत बसतात. अशा परतलेल्या वाचकांशी बोललं की एक गोष्ट हमखास ऐकू येते. या खेपेला हॅरी मनात फारसा राहिला नाही, डोक्यात राहिली ती मॉली वीझ्ली. हॅरीचा मित्र रॉन याची आई.

पाचव्या पुस्तकात एक छोटा प्रसंग आहे. बोगार्ट नावाचा एक प्राणी असतो, तो समोरच्या माणसाला ज्याची सर्वांत जास्त भीती वाटते त्याचं रूप घेतो. दिवाणखान्यातल्या डेस्कात लपलेला असा एक बोगार्ट हुसकावायला मॉली एकटीच वर जाते. खरं तर हे घर झाडण्यापुसण्यातलंच काम. पण गालिच्यावर तिला रॉनचं प्रेत दिसतं. ती रडत मंत्र म्हणते तर प्रेत थोरल्या मुलाचं, बिलचं होतं, मग नवऱ्याचं, मग जुळ्यांचं, मग पर्सीचं, आणि शेवटी हॅरीचं. तेराव्या वर्षी हे पान आपण घाईघाईत उलटलेलं असतं, कारण पुढे काय होतंय याची उत्सुकता असते. घरी स्वतःचं पोर झोपलेलं असताना ते पान तितक्या सहज उलटत नाही.

मॉली कुठेच नाही. तिची मुलंही नाहीत. बोगार्ट तर नाहीच नाही. म्हणजे नसलेल्या बाईला, नसलेल्या प्राण्यामुळे, नसलेल्या मुलांच्या न झालेल्या मृत्यूची भीती वाटते, आणि गळा आपला दाटून येतो. हे नेमकं काय चाललेलं असतं?

हा प्रश्न तत्त्वज्ञांनी अगदी गंभीरपणे घेतला आहे. 1975 मध्ये कॉलिन रॅडफर्ड या ब्रिटिश तत्त्वज्ञाने तो असा मांडला: एखाद्याच्या दुःखाने आपण हलतो, कारण ते दुःख खरं आहे असं आपण मानतो. कुणी आपल्या बहिणीची करुण कहाणी सांगितली आणि नंतर ‘मला बहीणच नाही’ म्हटलं, तर आपली कणव तिथल्या तिथे विरते, वर रागही येतो. कादंबरीत मात्र बहीण नाही हे आधीपासून ठाऊक असतं, तरी डोळे भरतात. रॅडफर्डचं म्हणणं, माणसाच्या वागण्यात इथे सरळ सरळ विसंगती आहे. हे उत्तर पुष्कळांना पटलं नाही आणि वाद अजून चालू आहे.

मला स्वतःला यावरचं आपल्याकडचं उत्तर अधिक पटतं. ते रॅडफर्डच्या बरंच आधी दिलं गेलं होतं. 1921 मध्ये बडोद्याच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते न. चिं. केळकर. त्यांनी मांडलेली कल्पना ‘सविकल्प समाधी’ या नावाने ओळखली जाते. नाव जड आहे, मुद्दा सोपा आहे. योग्याच्या निर्विकल्प समाधीत ‘मी’ उरतच नाही. वाचकाचं तसं होत नाही. तो पात्राच्या आत शिरतो, त्याचं सुखदुःख भोगतो, पण स्वतःचं भान शाबूत ठेवून. मॉलीबरोबर आपण गालिच्यासमोर उभे असतो आणि त्याच वेळी आपल्या पलंगावर उशीला टेकून बसलेले असतो. यातलं एक खरं आणि दुसरं फसवं असं नसतं. वाचनाचा आनंद या दोन्हीकडे असण्यातच आहे. भान पूर्ण सुटलं तर आपण मांत्रिकाला बोलावू, आणि अजिबात शिरलोच नाही तर पुस्तक मिटून ठेवू.

मानसशास्त्रज्ञांनी हे शिरणं मोजायचाही प्रयत्न केला. मेलनी ग्रीन आणि टिमोथी ब्रॉक या दोघांनी 2000 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लोकांना एक कथा वाचायला दिली. काहींना सांगितलं ही सत्यघटना आहे, काहींना सांगितलं कल्पित आहे. या लेबलाने कथेत गुंगण्यात काही फरक पडला नाही. दुसरी गंमत अशी की जिथे मजकूर खोटा वाटेल तिथे गोल करा असं सांगितल्यावर, कथेत जास्त गुंगलेल्यांनी कमी गोल केले. चुका काढणारं मन तेवढ्यापुरतं बाजूला बसलेलं होतं. शिवाय गुंगलेल्यांना मुख्य पात्रांबद्दल जास्त आपुलकी वाटली. म्हणजे लळा आणि गुंगणं एकमेकांच्या हातात हात घालून येतात.

एकतर्फी ओळखीचा अभ्यास तर त्याहून जुना. 1956 मध्ये डोनल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल यांनी रेडिओ-टीव्हीवरच्या निवेदकांबद्दल लिहिलं: रोज घरात येणाऱ्या या माणसांशी प्रेक्षकाचं नातं जुळतं, त्यांना मात्र त्या प्रेक्षकाचा पत्ताही नसतो. यालाच आज पॅरासोशल नातं म्हणतात. पुढे हीच कल्पना काल्पनिक पात्रांनाही लावली गेली. मालिका संपल्यावर काही दिवस घर रिकामं वाटतं ते यामुळेच. त्यात वेडेपणा काही नाही, ज्या मनाने आपण शेजाऱ्याला ओळखतो त्याच मनाने पात्रालाही ओळखतो. दुसरं मन आणायचं कुठून?

पण मग फँटसीच का?

हे सगळं कुठल्याही कादंबरीला लागू पडतं. गिरगावातल्या चाळीतलं पात्रही जिवाला चटका लावून जातंच. तरी ड्रॅगन, बेटं, मंत्र आणि नकाशे असलेल्या पुस्तकांतली माणसं विशेष घट्ट चिकटतात असा बऱ्याच वाचकांचा अनुभव आहे, आणि त्यामागे कारण आहे.

सगळ्यात आधी, अद्भुत असलं म्हणजे लळा लागतोच असं नाही. विक्रम आणि वेताळाच्या गोष्टी आपण सगळ्यांनी वाचल्या. राजा पुन्हा पुन्हा झाडाकडे जातो, प्रेत खांद्यावर टाकतो, चालू लागतो. पण त्याचा खांदा दुखतो का? घरी राणी काय म्हणते? चौदाव्या खेपेला त्याला या जोग्याचा संताप आला का? गोष्ट सांगत नाही आणि आपणही विचारत नाही. लोककथेतली पात्रं बाहेरून दिसतात, त्यांना आतली बाजू नसते. विक्रमाबद्दल आदर वाटतो, काळजी वाटत नाही. मराठीतल्या सुरुवातीच्या अद्भुतरम्य कादंबऱ्याही (लक्ष्मण मोरेश्वर हळब्यांची ‘मुक्तामाला’ 1861 ची) घटनांनी ठासून भरलेल्या आहेत. नायिकेवर किती संकटं आली ते लक्षात राहतं, नायिका कशी होती ते फारसं नाही.

आधुनिक फँटसीने नेमकं इथे पाऊल पुढे टाकलं: जग परकं ठेवलं आणि माणूस आतून उघडा केला. चाळीतली कादंबरी वाचताना वाचकाला अर्धं जग आधीच ठाऊक असतं. नळाला पाणी कधी येतं, भाडं कोण मागतं, हे पात्राने सांगावं लागत नाही. परक्या जगात मात्र वाचकाला काहीच माहीत नसतं. कुठलं पाणी पिण्याजोगं, कोणाला नमस्कार करायचा, कुठल्या दारापुढे उभं राहायचं नाही, हे सगळं एका माणसाचा हात धरूनच कळतं. अनोळखी गावात ज्याने स्टँडवरून घरी नेलं त्याला आपण जन्मभर विसरत नाही, त्यातलाच हा प्रकार. आपण पात्रावर विसंबतो, आणि विसंबण्यातून माया उपजते. माझ्या मते फँटसीतल्या लळ्याचं अर्धं गुपित एवढंच आहे.

उरलेलं अर्धं टोल्किनने सांगून ठेवलं आहे. मार्च 1939 मध्ये स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूज विद्यापीठात त्याने परीकथांवर व्याख्यान दिलं. तेव्हा ‘द हॉबिट’ येऊन दीड वर्ष झालं होतं आणि ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ लिहिणं चालू होतं. इंग्रज कवी कोलरिजने 1817 मध्ये अद्भुत पात्रांबद्दल म्हटलं होतं की वाचक राजीखुशीने आपला अविश्वास थोडा वेळ बाजूला ठेवतो. टोल्किनला हे मान्य नव्हतं. अविश्वास मुद्दाम बाजूला ठेवावा लागत असेल तर लेखकाचं काम फसलं, असं तो म्हणतो. चांगल्या लेखकाने उभं केलेलं जग आतून खरं असतं. हिरवा सूर्य असं कोणीही म्हणू शकतं, पण ज्या जगात हिरवा सूर्य पटेल असं जग रचायला कष्ट आणि अक्कल दोन्ही लागतात. याच व्याख्यानात त्याने परीकथा मुलांच्याच असतात या समजुतीचीही चांगली हजेरी घेतली आहे. मोठ्यांना नकोसं झालेलं जुनं फर्निचर मुलांच्या खोलीत सरकवतात, तशा या कथा मुलांकडे गेल्या, एवढंच.

पण सूर्य हिरवा करून भागत नाही. त्या हिरव्या उन्हात कोणीतरी स्वयंपाक करताना दिसावा लागतो.

सॅमची भांडी

‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ची गोष्ट बहुतेकांना सिनेमातून ठाऊक आहे. मुग्धा कर्णिकांनी ‘स्वामी मुद्रिकांचा’ या नावाने ती मराठीतही आणली आहे. फ्रोडोला एक सर्वनाशी अंगठी ज्वालामुखीपर्यंत न्यायची आहे आणि सोबत आहे त्याचा माळी, सॅम. पहिल्यांदा वाचताना सगळ्यांना अॅरागॉर्न नाहीतर गँडाल्फ, म्हणजे राजा नाहीतर जादूगार, आवडतो. पंधरा-वीस वर्षांनी वाचणारे सॅमपाशी थांबतात.

सॅमच्या पाठीवर स्वयंपाकाची भांडी आहेत. सोबत मिठाची एक लहान डबीही, ती त्याने जपून आणली आहे. शत्रूच्या मुलखाच्या उंबरठ्यावर, इथिलियनच्या रानात, तो सशाचा रस्सा करतो. त्याला तेजपान हवं असतं, बटाटे हवे असतात, आणि मिळत नाहीत म्हणून तो कुरकुरतो. काही वेळाने जवळच चकमक होते आणि त्याच्यापुढे शत्रूपक्षाच्या एका सैनिकाचं प्रेत येऊन पडतं. सॅमला प्रश्न पडतो की याचं नाव काय असेल, हा खरंच दुष्ट होता का, की कुणाच्या थापांना किंवा धाकाला बळी पडून घर सोडून इतक्या लांब आला. नंतर ज्वालामुखीच्या वाटेवर, जेव्हा पाऊल उचलणंही होत नाही, तेव्हा दोघं अंगावरचं ओझं टाकून देतात. सॅम भांडी दरीत सोडतो. त्यांचा खणखणाट त्याला मृत्युघंटेसारखा काळजात लागतो. म्हणजे परतीच्या प्रवासात पुन्हा चूल पेटेल ही आशाच त्याने दरीत टाकली.

जगाचा नाश करणाऱ्या अंगठीचं वजन कोणत्याही वाचकाने कधी अनुभवलेलं नाही. भांड्यांचं मात्र प्रत्येकाने अनुभवलं आहे. अचाट गोष्टीचा भार नेहमीच्या वस्तूवर पडला की पात्र आपलं होतं. लेखक युद्धाची कितीही वर्णनं करो, त्या खणखणाटाइतकं खोल त्यातलं काहीच पोचत नाही. टोल्किन पहिल्या महायुद्धात, 1916 मध्ये, फ्रान्समधल्या सोमच्या रणांगणावर होता. सॅम हा तिथे भेटलेल्या साध्या इंग्रज शिपायांचं आणि अधिकाऱ्यांच्या सेवकांचं प्रतिबिंब आहे, असं त्याने स्वतः सांगितलं आहे, आणि ती माणसं आपल्याहून सरस होती हेही.

तरुणपणी सॅम का दिसत नाही? कारण त्या वयात वाचक कथेच्या पुढच्या टोकाला असतो. काय होणार, कोण मरणार, अंगठी जाणार का. दुसऱ्या वाचनाला शेवट माहीत असतो, धावायचं कारण उरत नाही, मग नजर रेंगाळते. आणि दरम्यान आपणही कुणाचं तरी ओझं वाहिलेलं असतं. आजारी वडिलांना दवाखान्यात नेताना डबा, पाण्याची बाटली आणि फाइल कोण सांभाळतं ते आपल्याला कळलेलं असतं.

लेखिकाच परत येते तेव्हा

वाचक परततो याची उदाहरणं घरोघरी सापडतील. लेखिका स्वतः 18 वर्षांनी आपल्या जगात परतली आणि तिथली माणसं तिला वेगळी दिसली, याचं सर्वांत चांगलं उदाहरण म्हणजे अर्सुला ले ग्विनची अर्थसी या बेटांच्या जगावरची मालिका. (पुढे कथानक उघड होतंय. अर्थसी कोरी वाचायची असेल तर इथेच थांबलात तरी माझी हरकत नाही.)

अमेरिकेतल्या बर्कलीच्या एका छोट्या प्रकाशनसंस्थेने मोठ्या मुलांसाठी पुस्तक मागितलं म्हणून ले ग्विनने ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’ लिहिलं, ते 1968 मध्ये आलं. नायक गेड, गोंट बेटावरचा शेळ्या राखणारा पोरगा. तांबूस-तपकिरी वर्णाचा. हे मुद्दाम, कारण जादूगार म्हणजे गोराच ही सवय तिला मोडायची होती. मुखपृष्ठांवर मात्र त्याला वर्षानुवर्षं गोरा रंगवलं गेलं आणि ती त्यावर चिडत राहिली. गेड हुशारीच्या तोऱ्यात एक काळी सावली जगात सोडतो, तिच्यापासून पळतो, मग तिचा पाठलाग करतो, आणि शेवटी तिला स्वतःच्याच नावाने हाक मारतो.

1971 च्या दुसऱ्या पुस्तकात तेनार येते. लहानपणीच आईबापांपासून तोडून तिला देवळाची पुजारीण केलेलं असतं. नाव काढून घेतलेलं असतं. जमिनीखालच्या अंधाऱ्या भुलभुलैयाची ती मालकीण, जिथे दिवा लावायलाही बंदी. तिथे चोरी करायला आलेला गेड अडकतो. ती त्याला वरच्या झरोक्यातून पाहते. मारायचं की पाणी द्यायचं हे तिच्या हातात असतं. ती पाणी देते. तो तिला तिचं नाव परत देतो. दोघं बाहेर पडतात. बाराव्या-पंधराव्या वर्षी हे वाचणाऱ्याला वाटतं, सुटली बिचारी.

1972 मध्ये तिसरं पुस्तक. आता सर्वोच्च जादूगार झालेला गेड मृतांच्या देशातली फट बुजवताना आपली सगळी शक्ती खर्च करतो आणि ड्रॅगनच्या पाठीवर बसून घरी निघून जातो. शेवट असा असावा तर असाच.

चौथं पुस्तक, ‘तेहानू’, 1990 मध्ये आलं. ले ग्विन तेव्हा साठीची होती. तिने विचारलं, घरी गेला म्हणजे नेमकं काय झालं? आणि ती सुटलेली मुलगी पुढे कुठे गेली? तेनारने गोंटवरच्या एका शेतकऱ्याशी लग्न केलं होतं, दोन मुलं वाढवली होती, आता विधवा आहे. तिने एका जळालेल्या, टाकून दिलेल्या पोरीला घरात घेतलं आहे. ड्रॅगन गेडला तिच्या समोर आणून उतरवतो. तो मरणाच्या दारात आहे, त्यातून उठतो, पण जादू संपलेली. राजाची माणसं त्याला सन्मानाने न्यायला येतात तर हा लपून बसतो, मग डोंगरात जाऊन पुन्हा शेळ्या राखतो. ज्याच्या एका शब्दाने वादळं थांबत, तो लोकांच्या नजरेला नजर देऊ शकत नाही.

जुन्या वाचकांपैकी कित्येकांना हे रुचलं नाही. आमचा जादूगार असा करून ठेवलात? त्यांचा राग समजू शकतो, लळा लागलेल्या माणसाची पडझड बघवत नाही. पण चाळिशीनंतर हे पुस्तक हातात घेतलं तर गेडची लाज ओळखीची निघते. निवृत्तीनंतर सकाळी उठून काय करायचं हे न कळणारा, ओळखीचे दिसले की रस्ता बदलणारा माणूस आपण पाहिलेला असतो.

यातला एक प्रसंग तर कुठल्याही मराठी घरात घडावा असा. तेनारचा मुलगा बऱ्याच वर्षांनी समुद्रावरून परत येतो, जेवतो आणि ताट तसंच ठेवून उठतो. ती म्हणते, उचल. तो म्हणतो, हे माझं काम नाही. ती म्हणते, या स्वयंपाकघरात जो जेवतो त्याचं हे काम. तो निघून जातो. आणि ती भांडी घासतो गेड, एके काळी साऱ्या द्वीपसमूहाचा सर्वश्रेष्ठ जादूगार. या ओळींपर्यंत गेड मला आदरणीय वाटत होता. इथून पुढे तो आवडू लागला.

तेनारवरही लेखिकेचा तितकाच जीव आहे, पण तो वेगळ्या तऱ्हेने दिसतो. दुसऱ्या पुस्तकात ती वाचवली गेलेली मुलगी होती. इथे ती रात्री दाराची कडी दोनदा तपासणारी, पोरीच्या जळक्या हाताला तेल चोळणारी, चिडणारी, थकणारी बाई आहे. जादूची मोठी कामं सगळी पुरुषांच्या वाट्याला का, असा प्रश्न पहिल्या तीन पुस्तकांत कुणी विचारत नाही. चौथ्यात तो स्वयंपाकघरातूनच येतो. पात्र तेच, पण लेखिकेचं वय आणि नजर बदलल्यावर त्याच्यातून वेगळीच व्यक्ती बाहेर आली. वाचकाचंही हेच होतं, फक्त तो ते लिहून काढत नाही.

आता अक्षरशः प्रेमात पडण्याबद्दल. पंख असलेले राजपुत्र आणि दुष्ट पण देखणे सरदार असलेल्या प्रेमकथांची सध्या मोठी लाट आहे आणि त्यांच्या वाचकांची टवाळीही भरपूर होते. मला त्यात टवाळीसारखं काही दिसत नाही. एकतर्फी नात्यात धोका नसतो, नकार नसतो, पुस्तक मिटलं की नातंही मिटतं. खऱ्या आयुष्यात ज्या माणसापासून चार हात लांब राहावं, त्याला पुस्तकात जवळून न्याहाळता येतं. सविकल्प म्हणतात ते हेच. भान सुटलेलं नसतं.

त्रास व्हायचा तो मालिका अर्धवट राहिली की होतो. जॉर्ज मार्टिनच्या पुस्तकमालिकेचा (‘गेम ऑफ थ्रोन्स’ ज्यावरून आलं ती) पाचवा भाग 2011 मध्ये आला, सहाव्याची वाट वाचक अजून बघताहेत, आणि त्यांचा संताप एखाद्या नातेवाइकाने फोन उचलणं बंद केल्यावर होतो तसाच आहे. लेखक त्यांचं काही देणं लागत नाही हे त्यांनाही कळतं. कळून उपयोग होत नाही.

परत सुरुवात करायची असेल तर माझा सल्ला एवढाच. लहानपणी अर्धवट सोडलेलं काहीतरी आधी घ्या, एकदम दहा भागांच्या नव्या मालिकेला हात घालू नका. अर्थसी घेतलीत तर प्रकाशनाच्या क्रमानेच वाचा. तिसरं संपलं की लगेच चौथं उघडू नका, निदान काही महिने जाऊ द्या. मूळ वाचकांना 18 वर्षं मिळाली होती.